‘मन वढाय’ ही शरणागती नव्हे

‘कोलंबसाचे गर्वगीत’ माणसाची ताकद सांगते आणि बहिणाबाईंचे ‘मन वढाय वढाय’ त्याची हतबलता, ही एका लेखातली विभागणी पटली नाही. तुलना करताना आधी बोलतो कोण, कुणाशी आणि शेवटचा शब्द कुणाचा, हे पाहावे. कुसुमाग्रजांच्या कवितेत बोलतो तो कोलंबस, समुद्राला उद्देशून. समुद्राला एकही ओळ नाही. ‘गर्व’ तर शीर्षकातच आहे! उलट इंग्रज कवी शेलीच्या ‘ओझिमंडियस’ (१८१८) या राजाच्या भग्न पुतळ्यावरच्या कवितेत चौदा ओळींत तीन आवाज, राजाची बढाई संपते आणि शेवटी उरते वाळू.

बहिणाबाईंकडे मन म्हणजे उभ्या पिकातले ओढाळ ढोर; तिथे ‘किती हाकला हाकला’ ही द्विरुक्ती महत्त्वाची. ढोर पुन्हा पिकात शिरते, पण हाकणारा बांध सोडत नाही. खान्देशात उभ्या पिकाची राखण करणाऱ्याला यात हतबलता दिसणार नाही, रोजचे काम दिसेल.