चाळीस नॉटने सात मिनिटं वाचतात

तुमच्या प्रतिक्रियेचा रोख असा: होव्हरक्राफ्टचे (हवेच्या गादीवर चालणाऱ्या बोटीचे) जुने दाखले देऊन मी नव्या इलेक्ट्रिक हायड्रोफॉइलला (पाण्याखालच्या पंखांवर उचलल्या जाणाऱ्या बोटीला) मोडीत काढतो, जे स्टॉकहोमला धावतं ते गेटवे–मांडवा, तेही चाळीस नॉटने (ताशी चाळीस सागरी मैल), का धावू नये? प्रश्न रास्त आहे, पण तुम्ही होव्हरक्राफ्टला ‘फसलेलं तंत्र’ म्हणता ते मान्य नाही.

एसआर.एन.4 होव्हरक्राफ्ट 1968 ते 2000 इंग्लिश खाडीत चाललं. डोव्हर–कॅले साधारण 35 मिनिटं, लांबी वाढवल्यावर चारशेहून जास्त प्रवासी आणि 60 मोटारी. तंत्र चाललं, हिशोब बसेना. चार गॅस टर्बाइनचं इंधन आणि बुडाखाली हवा धरून ठेवणारी, सतत झिजणारी रबरी झालर यांचा खर्च होताच. त्यात 1994 ला खाडीखालचा रेल्वे बोगदा आला, 1999 ला प्रवाशांना होणारी ड्यूटी-फ्री (करमुक्त) विक्री गेली. इंग्लंडमधली साउथसी–राइड होव्हरक्राफ्ट सेवा मात्र 1965 पासून आजही चालू आहे, कारण ओहोटीला राइडचं पाणी इतकं मागे जातं की बोटीला लांबलचक धक्क्याचं टोक गाठावं लागतं आणि होव्हरक्राफ्ट थेट काठावर चढतं. तिथे थेट काठावर उतरवणारा दुसरा पर्याय नाही.

आता तुमची स्टॉकहोमची हायड्रोफॉइल, कँडेला पी-12. तीस प्रवासी, 25 नॉट, 252 किलोवॉट-तासांची बॅटरी. 2024 मध्ये ती एकेरो–स्टॉकहोम मार्गावर आली. पण तो मार्ग मालारेन सरोवरातला! तिथे भरती-ओहोटी नाही, समुद्राची लाट नाही. मुंबईत उधाणाला पाणी चार-पाच मीटर वरखाली होतं. स्थिर धक्का चालणार नाही. पॉन्टून (तरंगता धक्का) आणि उतार झेपेल असा गँगवे (बोटीवर जायचा छोटा पूल) हवा.

वेगाचं गणित बघा. अंतर आठ सागरी मैल धरू. दहा नॉटला 48 मिनिटं, पंचवीसला 19, चाळीसला 12. दहावरून पंचवीसवर गेलं की जवळपास अर्धा तास वाचतो. तिथून चाळीसवर सातच मिनिटं, आणि ती दोर बांधण्यात, सामान उतरवण्यात जातात. चाळीस नॉटचा हट्ट सोडा. पंचवीसच्या बाजूने मीही आहे.

विजेचंही जमतं. एका चार्जमध्ये पी-12 सुमारे 40 सागरी मैल जाते असं कंपनी सांगते. म्हणजे आपल्या एका बाजूच्या फेरीला 50 किलोवॉट-तास, 150 किलोवॉटच्या चार्जरवर वीस मिनिटं.

अडतं ते पाण्यात. फॉइल म्हणजे पाण्याखालचा पंख. बोट वर तरंगते ती फॉइलच्या खांबांच्या उंचीइतकीच, लाट त्याहून मोठी झाली की ती बोटीच्या तळाला लागणार. फॉइलला जाळ्याचा तुकडा किंवा प्लास्टिक अडकलं की उचल एकाएकी कमी होते आणि बोट पाण्यावर आपटते. जपानमध्ये साडो बेटाच्या मार्गावर 2019 ला जेटफॉइल (जलद हायड्रोफॉइल बोट) पाण्यातल्या कशाला तरी धडकली, ऐंशीहून अधिक प्रवासी जखमी झाले. आपल्या पाण्यात मासेमारीची जाळी किती असतात, हे मांडव्याच्या कोळ्यांना विचारा. शिवाय उबदार खाऱ्या पाण्यात पंखावर शेवाळ-शिंपले चढतात. वरचेवर खरवडले नाहीत तर फॉइलमुळे होणारी विजेची बचत हळूहळू गळते.

‘लोक दुप्पट तिकीट देतील’ म्हणता, देतीलही. पण दीडशे जणांच्या एका कॅटमरानच्या (दोन बुडांच्या बोटीच्या) जागी अशा पाच बोटी लागतील, प्रत्येकीला वेगळा खलाशी आणि गर्दीच्या वेळी चार्जरसमोर रांग. म्हणून सुरुवात ऑक्टोबर ते मे, दोनच बोटी, आतल्या बाजूच्या शांत पाण्यात, बेलापूरकडे करून बघावी. पावसाळ्यात भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो (गाड्याही नेणारी मोठी बोट) आहेच.