अमेरिकेचे सरकार ४ जुलै १७७६ रोजी स्थापन झाले नाही

दरवर्षी जुलै महिना आला की अमेरिकेच्या स्वातंत्र्याविषयीचा एक मराठी संदेश मोबाइलवरून फिरू लागतो. त्याचा आशय थोडक्यात असा : ब्रिटिशांनी चहावरील कर भरमसाट वाढवला, तेव्हा संतापलेल्या अमेरिकनांनी भारतातून आलेला चहा बोस्टनच्या बंदरात बुडवला, मग तेराही वसाहती एकदिलाने उठल्या, त्यांनी स्वबळावर ब्रिटनला नमवले आणि ४ जुलै १७७६ रोजी जाहीरनाम्यावर सह्या होताच जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या नेतृत्वाखाली सर्वांना समान हक्क देणारे सरकार स्थापन झाले.

यातील बहुतेक विधानांना तथ्याचा थोडाफार आधार आहे, म्हणूनच हा मजकूर खरा वाटतो आणि पुढे पाठवला जातो. परंतु ब्रिटिश सत्तेपासून वेगळे होणे आणि स्वतःचे चालणारे सरकार उभे करणे ही दोन निरनिराळी कामे होती, आणि दुसऱ्या कामात अमेरिकनांचा पहिला प्रयत्न साफ फसला होता, ही या इतिहासातील सर्वांत मोलाची गोष्ट त्यातून पूर्णपणे गळून जाते. म्हणून एकेक विधान तपासून पाहणे आवश्यक वाटते.

चहावरील कर वाढवल्यामुळे उठाव झाला, हे पहिलेच विधान चुकीचे आहे. अमेरिकेत येणाऱ्या चहावर वजनी पौंडामागे ३ पेन्सचा कर १७६७ सालच्या टाउनशेंड कायद्यांनी लावला होता. काच, शिसे, रंग आणि कागद यांवरचे त्याच वेळचे कर १७७० मध्ये मागे घेतले गेले. चहावरचा कर तेवढा राहिला. १७७३ च्या चहा कायद्याने त्यात एका पेन्सचीही वाढ केली नाही. ईस्ट इंडिया कंपनी त्या वेळी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती आणि लंडनमधील गोदामांत तिचा दीड कोटी पौंड वजनाहून अधिक चहा पडून होता. हा माल खपावा म्हणून कंपनीला ब्रिटनमध्ये भरावी लागणारी जकात परत देण्यात आली आणि स्वतःच नेमलेल्या मोजक्या व्यापाऱ्यांमार्फत तो थेट अमेरिकेत विकण्याची मुभा मिळाली. परिणामी कायदेशीर चहा स्वस्त होणार होता, चोरट्या मार्गाने येणाऱ्या डच चहापेक्षाही.

मग विरोध कशाला? मक्तेदारीमुळे ज्यांचा धंदा बुडणार होता त्या व्यापाऱ्यांचा आणि तस्करांचा स्वार्थ त्यात होता, हे नाकारता येत नाही. पण त्यापलीकडचे कारण अधिक खोल होते. ज्या पार्लमेंटमध्ये वसाहतींचा एकही प्रतिनिधी नव्हता तिने लावलेला कर स्वस्त चहाच्या निमित्ताने एकदा भरला, की तो लावण्याचा तिचा अधिकार मान्य केल्यासारखे झाले असते. शिवाय टाउनशेंड करांच्या उत्पन्नातून राजाने नेमलेल्या गव्हर्नरांचे आणि न्यायाधीशांचे पगार देण्याची तरतूद होती. तोवर हे पगार वसाहतींची विधिमंडळे मंजूर करत आणि त्यायोगे अधिकाऱ्यांवर त्यांचा वचक राहत असे. तो वचक जाणार, ही भीती अगदी वास्तव होती. फ्रान्सविरुद्धच्या सात वर्षांच्या युद्धाने कर्जबाजारी झालेल्या ब्रिटनने १७६५ मध्ये मुद्रांक कर लावला, तेव्हापासूनच हा वाद पेटलेला होता. ब्रिटनमधील सामान्य माणूस वसाहतींतील माणसापेक्षा कितीतरी जास्त कर भरत होता, हे लक्षात घेतले म्हणजे प्रश्न कराच्या रकमेचा नसून तो लावण्याच्या अधिकाराचा होता, हे स्पष्ट होते.

१६ डिसेंबर १७७३ च्या रात्री डार्टमथ, एलिनॉर आणि बीव्हर या तीन जहाजांवरून ज्या ३४२ पेट्या पाण्यात गेल्या, त्यांतील चहा चीनचा होता. आसामचा चहा लंडनच्या लिलावात पोहोचला तो १८३९ मध्ये. या घटनेचा भारताशी संबंध आहे, पण तो निराळा आहे : कंपनीच्या ज्या आर्थिक संकटातून चहा कायदा जन्मला, त्याच संकटातून त्याच वर्षी रेग्युलेटिंग अॅक्ट आला आणि कंपनीच्या हिंदुस्थानातील कारभारावर पार्लमेंटचा अंकुश बसण्यास सुरुवात झाली.

‘एकदिलाने उठल्या’ हे शब्दही टिकत नाहीत. बोस्टन बंदर बंद करणाऱ्या आणि मॅसॅच्युसेट्सची सनद मोडीत काढणाऱ्या १७७४ च्या दंडात्मक कायद्यांनंतर फिलाडेल्फियात पहिली काँटिनेंटल काँग्रेस, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींची सभा, भरली, तेव्हा जॉर्जिया वसाहतीने प्रतिनिधीच पाठवले नाहीत. एप्रिल १७७५ मध्ये लेक्झिंग्टन आणि काँकर्ड येथे गोळीबार होऊन माणसे मेली, त्यानंतरही जुलैमध्ये काँग्रेसने राजा तिसरा जॉर्ज याच्याकडे समेटाचा विनंतीअर्ज धाडला. राजाने वसाहती बंडखोर असल्याचे जाहीर केले आणि जानेवारी १७७६ मध्ये टॉमस पेन यांची ‘कॉमन सेन्स’ ही पुस्तिका निघाली, तेव्हा कुठे संपूर्ण स्वातंत्र्याची भाषा उघडपणे होऊ लागली. लोकसंख्येचा एक मोठा भाग अखेरपर्यंत राजनिष्ठ राहिला आणि युद्धानंतर सुमारे ६०,००० लोक देश सोडून गेले. बेंजामिन फ्रँकलिन यांचे पुत्र विल्यम हे न्यू जर्सीचे गव्हर्नर होते. त्यांनी राजाची बाजू सोडली नाही, त्यासाठी कैद भोगली आणि शेवटी ते इंग्लंडला गेले. ज्या लढ्यात घरेच्या घरे दुभंगली, त्याला एकदिलाचा उठाव म्हणणे हा दोन्ही बाजूंच्या माणसांवर अन्याय आहे.

आता ४ जुलैविषयी. स्वातंत्र्याचा ठराव काँग्रेसने संमत केला तो २ जुलै रोजी. बारा वसाहतींनी बाजूने मत दिले आणि न्यूयॉर्कचे प्रतिनिधी अधिकार नसल्यामुळे तटस्थ राहिले. काँग्रेसमधील एक प्रतिनिधी जॉन अॅडम्स यांनी तर दुसऱ्या दिवशी पत्नीला लिहिलेल्या पत्रात पुढील पिढ्या २ जुलै हाच दिवस साजरा करतील, असे भाकीत केले होते. ४ तारखेला मंजूर झाला तो जाहीरनाम्याचा मजकूर. त्या रात्री छापल्या गेलेल्या प्रतींवर केवळ अध्यक्ष जॉन हँकॉक आणि सचिव चार्ल्स टॉमसन यांची नावे होती. चर्मपत्रावरील प्रतीवर बहुतेकांच्या सह्या झाल्या २ ऑगस्ट रोजी, काहींच्या त्याही नंतर.

स्वबळाचा दावा सर्वांत लवकर निकालात निघतो. ऑक्टोबर १७७७ मधील साराटोगाच्या विजयानंतर फेब्रुवारी १७७८ मध्ये फ्रान्सने तह केला आणि पैसा, शस्त्रे, सैन्य व आरमार दिले. ऑक्टोबर १७८१ मध्ये यॉर्कटाउन येथे ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस शरण आला, याचे मोठे कारण म्हणजे द ग्रास याच्या फ्रेंच आरमाराने चेसापीक उपसागराचे तोंड रोखून त्याची सुटकेची वाट बंद केली होती. ब्रिटन तेव्हा एकाच वेळी अनेक आघाड्यांवर गुंतला होता आणि त्यांतील एक आघाडी मराठ्यांची होती : जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे इंग्रजांना नामुष्कीचा करार करावा लागला आणि मे १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला. यॉर्कटाउनला हरलेला हाच कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला आणि टिपूविरुद्धच्या मोहिमेत हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा त्याच्या जोडीला होत्या.

सरकार त्याच दिवशी स्थापन झाल्याचा दावा मात्र सविस्तर उत्तराची मागणी करतो. जुलै १७७६ मध्ये जे निर्माण झाले ते तेरा स्वतंत्र राज्यांचे युद्धमंडळ होते. त्यांना बांधणाऱ्या कराराचा मसुदा १२ जुलै रोजी काँग्रेससमोर आला. तो जॉन डिकिन्सन यांनी लिहिला होता, ज्यांनी त्याच महिन्यात स्वातंत्र्याची घाई नको असे सांगून मतदानापासून स्वतःला दूर ठेवले होते. मसुद्यावर सोळा महिने वाद चालला, बरीच काटछाट झाली आणि नोव्हेंबर १७७७ मध्ये काँग्रेसने ‘आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन’ स्वीकारले. ते अमलात येण्यास सर्व राज्यांची मान्यता हवी होती. पश्चिमेकडील जमिनींवर मोठ्या राज्यांनी सांगितलेले हक्क सोडल्याशिवाय आपण सही करणार नाही, असा मेरीलँडने हट्ट धरल्यामुळे ती तारीख १ मार्च १७८१ पर्यंत लांबली. म्हणजे युद्धाचा बहुतांश भाग कोणत्याही मंजूर राज्यघटनेविना लढला गेला.

या व्यवस्थेत राष्ट्रप्रमुख नव्हता, देशव्यापी न्यायव्यवस्था नव्हती आणि काँग्रेसला कर लावण्याचा अधिकार नव्हता. ती राज्यांकडे पैसे मागू शकत होती, पण वसूल करू शकत नव्हती. आयात मालावर ५ टक्के कर बसवण्याची दुरुस्ती १७८२ मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडने अडवली, कारण दुरुस्तीसाठी एकमत आवश्यक होते. जून १७८३ मध्ये थकलेल्या पगारासाठी सैनिकांनी सभागृहाला गराडा घातला आणि काँग्रेसला फिलाडेल्फिया सोडून प्रिन्स्टनला जावे लागले. ज्यांनी नुकतेच एका साम्राज्याला हरवले होते त्यांच्या सरकारची ही अवस्था होती. १७८६ च्या उत्तरार्धात मॅसॅच्युसेट्समधील कर्जबाजारी शेतकऱ्यांनी डॅनियल शेज याच्यासारख्या माजी सैनिकांच्या नेतृत्वाखाली न्यायालये बंद पाडली, तेव्हा काँग्रेसजवळ ते आवरण्याचे साधन नव्हते. राज्याने बोस्टनच्या धनिकांच्या वर्गणीतून फौज उभी करून ते मोडले.

मे ते सप्टेंबर १७८७ या काळात फिलाडेल्फियात ५५ प्रतिनिधींनी बंद दाराआड चर्चा केली. त्यांना अधिकार होता तो जुन्या करारात सुधारणा सुचवण्याचा. त्यांनी नवीच राज्यघटना लिहिली. एकमताची जुनी अट बाजूला सारून नऊ राज्यांच्या खास निवडलेल्या परिषदांची मान्यता पुरेशी ठरवली. हे कायद्याच्या चौकटीत बसत होते का, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला, आणि तो रास्त होता असे मला वाटते. जॉर्ज मेसन यांच्यासह तिघांनी अखेरच्या दिवशी हजर असूनही सही नाकारली. पुढे राज्याराज्यांत लेख, पत्रके आणि सभांमधून कडाक्याचा वाद झाला. मॅसॅच्युसेट्समध्ये १८७ विरुद्ध १६८, व्हर्जिनियात ८९ विरुद्ध ७९ आणि न्यूयॉर्कमध्ये ३० विरुद्ध २७ अशा निसटत्या मतांनी घटना मंजूर झाली. वॉशिंग्टन यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली ३० एप्रिल १७८९ रोजी, न्यूयॉर्क येथे. ऱ्होड आयलंड मे १७९० मध्ये ३४ विरुद्ध ३२ मतांनी सामील झाले. विरोधकांच्या आग्रहामुळेच नागरिकांच्या हक्कांविषयीच्या पहिल्या दहा दुरुस्त्या डिसेंबर १७९१ मध्ये घटनेत आल्या. फसलेले सरकार मतदानाने बदलणे आणि हरलेल्या पक्षाचे आक्षेप नव्या घटनेत सामावून घेणे, ही या काळातील खरी कामगिरी आहे, आणि तेरा वर्षांचा काळ एका दिवसात कोंबला की नेमकी तीच दिसेनाशी होते.

राहिला समान हक्कांचा दावा. १७९० च्या पहिल्या जनगणनेत सुमारे ३९ लाख लोकसंख्येपैकी जवळपास ७ लाख माणसे गुलाम होती. प्रतिनिधिगृहातील जागा ठरवताना त्यांची मोजणी तीन-पंचमांश करावी, असे घटनेतच लिहिले होते. त्यामुळे मत मिळाले नाही ते गुलामांना, आणि बळ वाढले ते त्यांच्या मालकांचे. मालमत्ता असलेल्या स्त्रियांना न्यू जर्सीत काही काळ मतदान करता येत होते, तो हक्कही १८०७ मध्ये काढून घेण्यात आला. ब्रिटिश बाजूला गेल्यास स्वातंत्र्य मिळेल या आश्वासनावर हजारो कृष्णवर्णीय गुलाम मालकांपासून पळाले होते आणि त्यांपैकी सुमारे ३,००० जण १७८३ मध्ये न्यूयॉर्कहून ब्रिटिश जहाजांतून आजच्या कॅनडातील नोव्हा स्कोशियाला गेले. अमेरिकेतील गुलामगिरी घटनादुरुस्तीने बंद झाली ती डिसेंबर १८६५ मध्ये, चार वर्षांच्या यादवी युद्धानंतर.