माथ्यावर १४०, गावात २०

आल्प्समध्ये 'बर्फ किती पडलाय?' असं कुणाला विचारू नये. चार-पाच उत्तरं येतात आणि वैताग असा की सगळी खरी असतात.

आम्ही झुरिकला राहतो. हिवाळ्यात इथे आठवडेच्या आठवडे डोक्यावर करडा ढग बसलेला असतो. थंड हवा खाली साचते, ऊब वर राहते. त्यामुळे डोंगरावर दीड-दोन हजार मीटरला लख्ख ऊन आणि आम्ही ट्राममध्ये कानटोपीत. म्हणून शनिवार आला की गाव डोंगराकडे पळतं. आम्हीही पळतो, कारण लेक शाळेच्या स्की-कॅम्पमधून लाल उतार उतरायला शिकून आली आहे. निळे उतार सोपे, लाल मध्यम, काळ्यांशी आपला संबंध नाही. मी निळ्यावर असतो. बहुतेक वेळ आडवा.

कधी आणि कुठे जायचं, हे ठरवायचं खातं घरात माझ्याकडे आलं. "तू दिवसभर आकड्यांतच असतोस ना?" बायकोने विचारलं. असतो. पण ऑफिसातले आकडे निदान एका जागी उभे राहतात.

स्की-गावाचा अहवाल उघडावा. पहिली ओळ: माथ्यावर १४० सेंटीमीटर, गावात २०. माथा अडीच हजार मीटरवर, गाव हजारावर. मधल्या दीड हजार मीटरमध्ये, म्हणजे नेमके जिथे आपण पडणार तिथे, काय आहे ते ज्याचं त्याने ओळखायचं. त्यात ते १४० मोजलेले असतात सपाट, आडोशाच्या जागी. उघड्या कड्यावरचा बर्फ वाऱ्याने केव्हाच पलीकडच्या अंगाला नेऊन टाकलेला असतो. पुढे 'ताजा बर्फ ३०'. हे तीस कालपासूनचे की तीन दिवसांचे, ते बारीक अक्षरात.

अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजातल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तिकडच्या स्की-केंद्रांचे असे अहवाल तपासले, तर शनिवार-रविवारी ताजा बर्फ जास्त पडत होता. कागदावर. मग आयफोनवर एक ॲप आलं, लोक लिफ्टमध्ये बसल्या बसल्या डोळ्यांनी दिसेल ते लिहू लागले आणि जादा बर्फ बराचसा वितळला. हे वाचल्यापासून मला आमच्या गावांच्या शनिवारचाही संशय येतो, पुरावा काहीही नसताना.

बरं, अहवाल सोडून फोनवरचा अंदाज बघावा, तर तिथे आणखी गंमत. जगभराचं हवामान मांडणारं युरोपचं नावाजलेलं मॉडेल साधारण ९ किलोमीटरच्या चौकटी पाडतं. एवढ्या चौकटीत शिखर, दरी, तळं आणि आमचं हॉटेल यांची मिळून एकच उंची धरलेली असते. तिथे उद्या काय होणार हे फोन बिनचूक सांगतो. फक्त तसा डोंगर अस्तित्वात नसतो.

खरी पंचाईत स्की-लिफ्टच्या तिकिटाची. लवकर काढाल तर स्वस्त. सोमवारी शनिवारचा अंदाज धूसर, म्हणून तिकीट परवडतं. शुक्रवारी अंदाज पक्का होतो, तोवर भाव चढलेला. जसजसं कळत जातं तसतसे फ्रँक वाढतात, आणि पैसे परत मिळत नाहीत.

मार्चमध्ये सासरे आले. तासगावला द्राक्षाची बाग. थोरल्याच्या हाती दिली असली तरी आभाळाकडे बघायची सवय त्यांनी दिली नाही. मी लॅपटॉप उघडून बसलो की खुर्ची ओढून शेजारी.

"पाव्हणं, पाऊस मिलिमीटरात आनि बर्फ सेंटीमीटरात?"

"हो मामा. एक मिलिमीटर पाणी म्हणजे ढोबळ एक सेंटीमीटर बर्फ. फार थंडी असली तर जास्त भरतो, भुसभुशीत असतो."

"आनि ही शून्याची रेघ?"

ती रेघ मी त्यांच्यासमोरच नीट शिकलो. शून्य अंश १८०० मीटरवर असेल तर बर्फ त्याच्याही खाली, साधारण १५०० पर्यंत येतो. वितळायला तेवढं अंतर पडावं लागतं. त्याखाली पाऊस. पण दरी अरुंद आणि वर्षाव जोराचा, सलग असेल, तर वितळणारा बर्फच हवा गार करतो आणि पावसाचा बर्फ होत होत गावापर्यंत उतरतो. "मंजी गावात काय पडंल ते त्येलाबी ठावं न्हाई," मामांनी निकाल दिला.

हिमकड्यांचा इशाराही त्यांना हवा असे. दावोसची बर्फ आणि हिमस्खलनाची संस्था हिवाळ्यात तो रोज संध्याकाळी पाचला आणि सकाळी आठला देते, एक ते पाच पायऱ्यांत. "पाचात तीन? मंजी मध्यम की!" मुळीच नाही. मध्यम दोनला संपतं. स्वित्झर्लंडमध्ये हिमस्खलनात जाणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास माणसं तीनच्याच दिवशी जातात, कारण सगळ्यांनाच मामांसारखं वाटतं. हा इशारा आखलेल्या उतारांबाहेर जाणाऱ्यांसाठी. मी आखलेल्यावरही जेमतेम असतो, तरी रोज वाचतो.

मग एका शनिवारी आम्ही डोंगरावर मुक्कामी. अहवाल म्हणाला: ऊन, बर्फ उत्तम, सगळे उतार खुले. मी साडेसातला बूट चढवून दारात. मामा चहा ओतून घेत होते.

"राती आभाळ हुतं का?"

"नाही. चांदणं होतं."

"मग बसा खाली. काल दुपारी वितळलेलं समदं राती धरलं असंल. वर ऊन लागू द्या."

निरभ्र रात्री जमीन आपली ऊब वर सोडून देते, हे बागेत थंडी मोजणाऱ्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. त्यांनी गच्चीच्या कडेचा बर्फ बुटाच्या टाचेने ठोकला. टकटक वाजला. दहाला पुन्हा ठोकला, टाच बोटभर आत गेली. "आता जावा. बाराच्या आत परत या, मग चिखल हुईल."

तेवढ्या वेळात मी आयुष्यात पहिल्यांदा निळा उतार उभ्याने उतरलो. लेकीने व्हिडिओ काढला आणि तासगावला पाठवला. थोरल्या मेहुण्याचं उत्तर आलं: "दादांना विचारा, इकडं आभाळ आलंय, पुढं काय?" मामांनी फोन घेऊन त्याला शून्याच्या रेषेचं सगळं प्रवचन दिलं, पण बागेबद्दल अवाक्षर काढलं नाही.

दुपारी वरच्या लिफ्टा वाऱ्याने बंद पडल्या. त्याबद्दल अहवालात काहीच नव्हतं.

पुढच्या शनिवारची तिकिटं बायकोने रात्रीच काढली. फारच स्वस्त मिळाली, म्हणाली. मिळणारच, अंदाज अजून आलेला नाही.