ते निरांजन आता एकदा खाली ठेवू द्या तिला!
यंदाही दिवाळी अंकांचा गठ्ठा घरी आला आणि पहिल्या तीन मुखपृष्ठांवर नऊवारी नेसलेली, नाकात नथ घातलेली, दिव्याकडे अर्धोन्मीलित डोळ्यांनी पाहणारी तीच स्त्री उभी होती. दिवा लावून झाल्यावर ही बाई करते तरी काय? तिला कधी घाम येत नाही, तिची बस चुकत नाही, भाजीवाल्याशी घासाघीस करताना तिचा आवाज चढत नाही?

सावळाराम हळदणकरांनी जलरंगांत निरांजन घेतलेली मुलगी रंगवली, तेव्हा बोटांआडून झिरपणारा प्रकाश हाच त्या चित्राचा खरा विषय होता. मागून आलेल्यांनी प्रकाश सोडला आणि दागिने तेवढे उचलले. वर ते चित्र आजही बिनदिक्कत राजा रविवर्म्यांच्या नावावर खपवले जाते. रविवर्मा १९०६ साली वारले, चित्र १९४०च्या दशकातले. पण इतके पाहतो कोण?

अर्थात रविवर्म्यांनाही मोकळे सोडता येत नाही, कारण त्यांच्या छापखान्यातून लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोहोचल्या आणि गोऱ्यापान, भरल्या चेहऱ्याच्या सौंदर्याचा साचा आमच्या भिंतींवर कायमचा ठोकला गेला. अजिंठ्यात सावळ्या राजस्त्रिया रंगवणाऱ्या हातांना हा गोरेपणाचा सोस नव्हता. अमृता शेरगिल यांनी १९३५ साली रंगवलेल्या तीन मुली तर हसत नाहीत, लाजत नाहीत आणि कोणाला ओवाळतही नाहीत.

तसे मुखपृष्ठ काढले तर अंक खपणार नाही, असे म्हणतात. काढून पाहिले आहे का कोणी?