रिपोर्ट उघडण्याआधी

बायॉप्सीचा रिपोर्ट आल्याचा मेसेज मोबाइलवर येऊन पडतो आणि माणूस दोन-दोन दिवस तो उघडत नाही. घरचे म्हणतात, "एकदाचं बघून टाक ना!" हा सल्ला मला पटत नाही. निकाल आपल्या हातात नसतो. पण तो कधी, कुठे आणि कुणासोबत ऐकायचा, हे बऱ्याच अंशी आपल्या हातात असतं, आणि नेमकं तेच आपण ठरवत नाही.

टाळल्याने शांतता मिळते हा मात्र भ्रम आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांचा एक प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. संगणकावरच्या दगडाखाली साप आहे का ते ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा झटका. झटका बसणारच असं ठाऊक असताना जेवढा ताण आला, त्याहून जास्त ताण शक्यता निम्मी-निम्मी असताना आला. न उघडलेला रिपोर्ट असाच छळतो.

मग सगळंच जाणून घ्यावं का? नाही. हंटिंग्टन हा मेंदूचा आनुवंशिक आजार बघा. आई किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता ५० टक्के. त्याचं जनुक १९९३ मध्ये सापडलं, त्यामुळे लक्षणं दिसण्याच्या कितीतरी वर्षं आधी रक्ताच्या चाचणीतून निदान होऊ शकतं. पण आजार येऊच नये असा उपाय नाही. म्हणून धोका असलेले बहुतेक जण चाचणीच करून घेत नाहीत. त्यांना पळपुटे म्हणणं मला क्रूरपणा वाटतो. 'न कळण्याचा हक्क' तिथे खरोखर मानला जातो.

माझी कसोटी एकच: कळल्यावर मी काय वेगळं करणार? उपचार त्यावर अवलंबून असतील, तर थांबू नका. गाठ, एचआयव्ही, रक्तातली साखर यांत उशिराची किंमत शरीर मोजतं.

या हंटिंग्टनच्या चाचणीची पद्धत मात्र सगळ्यांनीच उचलावी अशी आहे. आधी समुपदेशन, सोबत एक माणूस, निकाल समोरासमोर, आणि अगदी शेवटच्या क्षणीही 'नको' म्हणायची मुभा. दोन्ही निकालांची तयारी करून घेतात, चांगल्याचीसुद्धा! 'आपल्यालाही होणारच' असं धरून लग्न, मुलं, नोकरी सगळं बेतलेली माणसं 'तुम्हाला नाही' हे ऐकूनही कोलमडतात.

घरी हे असं करता येईल. डॉक्टरांची वेळ आधी घ्या, रिपोर्ट त्यांच्यासमोर उघडा. रात्री किंवा सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी उघडू नका. विचारायला कुणी नसतं आणि शब्द फसवतात. एचआयव्हीच्या पहिल्या चाचणीत 'रिॲक्टिव्ह' आलं म्हणजे निदान झालं असं नाही, खात्रीची चाचणी बाकी असते. स्तनाच्या कर्करोगात 'ईआर पॉझिटिव्ह' वाचून धडकी भरते, पण त्याचा अर्थ हॉर्मोनचे उपचार उपयोगी पडण्याची शक्यता आहे असा. शस्त्रक्रियेनंतर 'मार्जिन निगेटिव्ह' ही तर चांगली बातमी! काढलेल्या भागाच्या कडेला कर्करोगाच्या पेशी दिसल्या नाहीत, एवढंच ते सांगतं.

आदल्या दिवशी कागदावर तीनच प्रश्न लिहा: हे नक्की आहे की अजून तपासण्या बाकी आहेत? पुढचं पाऊल कोणतं? ते किती दिवसांत टाकायला हवं? कुणाला आणि कधी सांगायचं तेही आधीच ठरवा, नाहीतर बाहेर पडताच फोन सुरू होतात आणि स्वतःचं रडू आवरून दुसऱ्यांची समजूत काढत बसावं लागतं.

सोबत जाणाऱ्याने धीर देत बसू नये. वाईट बातमी कानावर पडल्यानंतरचं बरंचसं बोलणं डोक्यात शिरतच नाही. म्हणून त्याने वही घ्यावी, औषधांची नावं आणि तारखा लिहाव्यात, आणि निघण्यापूर्वी त्या डॉक्टरांना वाचून दाखवाव्यात.