काखेत ब्रिगेड

नमस्कार सर,

माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 1979 साली क्यूबात दिसलेल्या सोव्हिएत ब्रिगेडला मी 'अफवा' ठरवलं आणि रशियाची वकिली केली, असा तुमचा आक्षेप. अडीच हजारांवर सैनिक आणि 40 रणगाडे फ्लोरिडापासून दीडशे किलोमीटरवर असताना अमेरिकेने काय टाळ कुटत बसायचं होतं, असंही विचारलंत.

आधी माझी चूक कबूल करतो. लेखात मी 'प्रशिक्षण केंद्र' असं बिनदिक्कत लिहून गेलो. तो मॉस्कोचा शब्द. रणगाडे-तोफा घेऊन मैदानात सराव करणाऱ्या तुकडीला नुसतं प्रशिक्षण केंद्र म्हणणं बरोबर नाही.

पण 'अफवा' हा शब्द माझा नाही, लेखात शोधून बघा. सैन्य होतंच. प्रश्न ते कधीपासून होतं, हा आहे. 1962 च्या क्यूबा क्षेपणास्त्र पेचानंतर सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हने क्षेपणास्त्रं परत नेली, तरी थोडं पायदळ मागे उरलं आणि केनेडींच्या सरकारला ते ठाऊक होतं. पुढे ही माहिती फायलीत राहिली आणि लोकांच्या डोक्यातून गेली. गुप्तचर खात्यांना तिचा विसर पडला होता, हे 1979 चे अमेरिकी परराष्ट्रमंत्री सायरस व्हान्स यांनीच नंतर आठवणींत लिहिलंय. काखेत कळसा, गावाला वळसा! इथे तर कळसा हाताला लागल्यावर 'चोर, चोर' म्हणून ओरड झाली.

ओरडणारा कोण, तेही बघा. सिनेटर फ्रँक चर्च, सिनेटच्या परराष्ट्र समितीचे अध्यक्ष. पुढच्या वर्षी आयडाहो या त्यांच्या राज्यात त्यांची निवडणूक, आणि 1977 च्या क्यूबा भेटीतले कॅस्ट्रोसोबतचे फोटो विरोधकांच्या हातात. 30 ऑगस्टला परराष्ट्र खात्यातून त्यांना फोनवर ही खबर दिली गेली. तुम्ही जाहीर न केलंत तर बरं, असं व्हान्स म्हणाले, पण निर्णय त्यांच्यावरच सोडला. चर्चनी त्याच दिवशी बॉइसीच्या घरी पत्रकार बोलावले. पुढे म्हणाले, ब्रिगेड हलत नाही तोवर सिनेट सॉल्ट-2 (सोव्हिएत संघाशी झालेला अण्वस्त्र-मर्यादेचा करार) मंजूर करणार नाही. गंमत म्हणजे गृहस्थ त्याच कराराचे समर्थक! (1980 मध्ये तरीही पडलेच, थोडक्या मतांनी.)

मग व्हान्सही बोलून बसले, की आहे ती स्थिती आपल्याला चालणार नाही. आता सतरा वर्षं चाललेली स्थिती बदलायची कशी? रशियन हलेनात. 1 ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष कार्टरना टीव्हीवर सांगावं लागलं, की या ब्रिगेडपासून अमेरिकेला थेट धोका नाही. समुद्र ओलांडायला तिच्याकडे ना जहाजं होती, ना विमानं. तुमच्या 40 रणगाड्यांचं उत्तर त्यातच आलं. करार केवळ या प्रकरणामुळे बुडाला असं मात्र मी म्हणणार नाही. डिसेंबरात सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात घुसलं आणि जानेवारीत कार्टरनीच तो बाजूला ठेवायला सांगितला.

'मग 2020 च्या लडाखबद्दलही हेच म्हणाल का?' असंही तुम्ही विचारलंत. नाही म्हणणार. तिथे चिनी सैन्य नव्याने पुढे सरकलं होतं, तीच तर आपली तक्रार होती. क्यूबात नवीन काय आलं होतं, तर उपग्रहाचे फोटो.

मूळ लेखातला 'प्रशिक्षण केंद्र' हा शब्द आज रात्री बदलतो.