आयर्विन मला शिकवू नका : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या, जाड तारांनी तोललेल्या इरॅस्मस पुलावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लांबलचक प्रतिक्रिया दिलीत. नाव लावलेलं नाही, म्हणून सरच म्हणतो. तुमचं म्हणणं असं: पूल सुरू झाल्या झाल्या हलायला लागला, पलीकडची घरं गरिबांना परवडेनाशी झाली, आणि ‘बाहेर राहून आलेल्यांना आपला आयर्विन दिसत नाही, तारांचा झगमगाट तेवढा दिसतो.’ (आयर्विन म्हणजे आमच्या सांगलीचा कृष्णेवरचा पूल.)

हलण्याचं मान्य. सप्टेंबर १९९६ मध्ये पूल खुला झाला आणि थोड्याच दिवसांत वारा-पाऊस एकदम आला की तारा झुलू लागल्या. तारेवरून पाण्याचा ओघळ वाहिला की तिचा गोलपणा बिघडतो आणि वारा तिला पकडतो. मग धक्के शोषणारे दट्टे बसवले. माझ्या लेखात हे नव्हतं, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं.

पण ते शेवटचं वाक्य मी सोडणार नाही.

मी सांगलीच्या गावभागातला. पावसाळ्यात वडील मला आयर्विनच्या कठड्याशी उभं करून पाणी किती फुटांवर आलं ते वाचायला लावायचे. ‘आयर्विनला किती?’ हा प्रश्न आमच्या घरात चहाच्या आधी विचारला जायचा. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमचा खालचा मजला बुडाला. भिंतीला दोनदा रंग दिला, तरी ती गाळाची रेघ पावसात परत वर येते. आणि मला आयर्विन दिसत नाही? सर, हे लिहिताना तुम्ही जरा विचार करायला हवा होता.

झगमगाटाचंही ऐका. नोकरीनिमित्त रॉटरडॅमला होतो तेव्हा मी त्या पुलावरून सायकलने जायचो. समोरून वारा असला की मान खाली घालून पायडल रेटावं लागतं. मधेच घंटा वाजते, फाटक पडतं आणि दक्षिणेकडचा ८९ मीटरचा तुकडा उंच जहाजासाठी वर उचलला जातो. ट्रामच्या रुळांसकट रस्ता उभा राहिलेला असतो आणि सगळे निमूट थांबतात. यात झगमगाट कुठे आला?

बंदर समुद्राकडे सरकलं, मोठी जहाजं तिकडे गेली आणि दक्षिण काठावरच्या कोप व्हॅन झाउदच्या गोद्या ओस पडल्या. शहराने त्या काठाकडे पाठ फिरवली होती. स्वस्तातला साधा पूल टाकूनही गाड्या पलीकडे गेल्या असत्या. त्यांनी १३९ मीटर उंच, वाकलेला मनोरा उभारला. तो लांबूनच सांगतो की पलीकडेही शहर आहे. १९९७ मध्ये तिथे मेट्रोचं स्थानक झालं, मग नाट्यगृह आलं. जहाज कंपनीच्या ज्या कचेरीच्या दारातून माणसं अमेरिकेला जायची, तिचं हॉटेल पुलाच्याही आधी झालं होतं, पण तिथवर सहज चालत जाता येऊ लागलं ते पुलामुळे. आयर्विनच्या पलीकडच्या सांगलीवाडीच्या माणसाला आयर्विनचं मोल सांगावं लागत नाही. मला ते लहानपणापासून ठाऊक आहे, म्हणूनच तिथला पूल मला कळला.

घरांच्या किमतींचा विषय वेगळा आहे, तो पुलाच्या लेखात ओढण्याचं कारण नाही.

टीका खुशाल करा, मी ती काढून टाकणार नाही. फक्त पुढच्या वेळी नाव लावा, आणि माझं गावावरचं प्रेम मोजायला येऊ नका.